आठ नंबर, सोळा नंबर

बाबांनी बोट टेकवायच्या आत चारही घरं कोसळली.

"अगं, हे काय!" ते खुर्चीत मागे सरकले. "मी अजून चष्मासुद्धा नीट केला नव्हता."

पुन्हा सुरू केलं. खेळ तसा सोपा. पडद्यावर वरून अक्षरं पडतात. ज्या अक्षराचं बटण दाबाल ते हवेतच फुटतं, आणि जे सुटेल ते खालच्या घरांवर आदळतं. घरं संपली की खेळ संपला. पण माझ्या नव्या लॅपटॉपवर अक्षरं पडत नव्हती, कुणीतरी पोतं उपडं केल्यासारखी कोसळत होती. दुसऱ्यांदाही डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं भुईसपाट झालं.

"तुफान म्हणे!" टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शेंगा सोलत बसलेली आई म्हणाली.

तुफान हे बाबांचं ऑफिसातलं नाव. ते पडलं याच खेळामुळे, आणि ती गोष्ट आमच्या घरच्या भिंतींनाही पाठ झाली असेल. आई आणि बाबा दोघं वीजबिलांच्या ऑफिसात आकडे भरायला हंगामी म्हणून लागले होते. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. शेजारीशेजारी दोन कोरी करकरीत मशीनं होती आणि कायमची जागा मात्र एकच निघाली. दोघांचंही काम चोख, त्यामुळे साहेबांपुढे पेच पडला. साहेब हौशी होते. त्यांनी दोन्ही मशीनवर हा खेळ लावला आणि म्हणाले, जो जास्त अक्षरं फोडेल त्याची खुर्ची. बाबा जिंकले. "नऊ अक्षरांनी हरली बिचारी," असं ते दर वेळी मोठ्या मनाने सांगतात. पुढे आईचा ऑफिसात राहिलेला डबा द्यायला म्हणून तिच्या घरी गेले आणि जावई होऊनच परतले. ते झाले तुफान आणि ती झाली गोगलगाय.

"गोगलगाय नि पोटात पाय, विसरू नका," असं आई उलट सुनवायची. पण तिने ते मनाला लावून घेतलं होतं. त्या दिवसानंतर तिने कीबोर्डला हात लावला नाही. फोनवर दोन ओळींचा निरोप पाठवायचा असला तरी फोन माझ्यापुढे सरकवते. "तूच लिही बाई, माझे हात मंद." मी लहान असताना माझ्या शाळेच्या कचेरीत टायपिस्टची जागा निघाली होती. मोठ्या बाई स्वतः आमच्याकडे विचारायला आल्या. आईने त्यांना चहा पाजला आणि नाही म्हटलं. तिने जन्मभर शिंप्याकडचे कपडे आणून घरी काज-बटणं केली. घाईचं काम आलं की शिंपी हटकून तिच्याकडे पाठवायचा. त्याचं आम्हाला कुणालाच कधी नवल वाटलं नाही.

खेळाची फ्लॉपी बाबांनी जपून ठेवली होती. मी औषधांच्या दुकानात काम करते. तिथला कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारा माणूस भला आहे. त्याने फ्लॉपीतला खेळ उतरवून दिला आणि माझ्या लॅपटॉपमध्ये जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅमही टाकून दिला. "या खेळांना स्वतःचं घड्याळ नसतं," तो म्हणाला होता. "मशीन पळेल तसा खेळ पळतो. त्या काळच्या डब्यांवर वेगाचा आकडा पेटायचा. वडिलांना आठवतोय का विचारा, म्हणजे खेळ जसाच्या तसा लावता येईल."

मी ते विचारायचं विसरले आणि आपली अंदाजाने वेग कमी करत बसले.

"अजून हळू," बाबा म्हणाले. "अजून थोडं. बास! हाच, हाच तो!"

आता अक्षरं सावकाश उतरत होती. बाबांची बोटं थोडी चाचपडली, मग जुनी ओळख पटल्यासारखी धावू लागली. घरं उभीच राहिली. बाबांचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं.

आईने मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं. "हा कुठला? हा तर झोपाळू आहे."

"हाच आहे."

"अहो, इतकं हळू कुठे होतं? मला तर श्वास घ्यायला सवड मिळत नव्हती."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा मजेत म्हणाले. "तुझे हात मंद, म्हणून तुला सगळंच जोरात वाटायचं."

मी गंमत म्हणून वेग वाढवत नेला. आई मान हलवत राहिली. अजून, अजून. मग एकदम तिचा शेंगेवरचा हात थांबला. "हां. हा."

बाबांनी खेळून पाहिलं. घरं धडाधड पडली. "छे! यात माणूस टिकेल कसा?" ते म्हणाले.

मी दोन्ही वेळचे आकडे पाहिले. आईचा वेग बाबांच्या वेगाच्या बरोब्बर दुप्पट होता. तेव्हा मला दुरुस्तीवाल्याचं बोलणं आठवलं.

"बाबा, तुमच्या मशीनवर काही आकडा होता का हो?"

"नंबर ना? होता की. माझं आठ नंबरचं मशीन, हिचं सोळा नंबरचं."

"लिहिलेला होता?"

"लिहिलेला नव्हे गं, समोर हिरवा पेटायचा. मला वाटतं, बाकीच्या नंबरांची मशीनं दुसऱ्या ऑफिसांत गेली असतील."

मी गप्प बसायला हवं होतं की नको, ते मला अजूनही ठरवता येत नाही. पण तोंडातून शब्द निघून गेले होते.

"बाबा, तो मशीनचा नंबर नव्हता. तो वेग होता."

"कसला वेग?"

"मशीनचा. तुमचं आठने चालत होतं आणि आईचं सोळाने."

बाबा हसले. "काहीतरीच काय! एकाच दिवशी आलेली, अगदी सारखी मशीनं होती ती."

"त्यावर वेग कमी-जास्त करायचं एखादं बटण होतं?"

"बटण होतं. पण साहेबांची सक्त ताकीद होती, काम सोडून दुसऱ्या कशाला हात..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि रंग मात्र उतरत गेला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "म्हणजे हिच्यावर दुप्पट वेगाने पडत होती?"

"हो."

"आणि तरी नऊच अक्षरांनी..."

बाबांच्या निवृत्तीच्या समारंभात चारचौघांसमोर सांगितलेली ती गोष्ट, त्यावर उठलेला हशा आणि पहिल्या रांगेत बसून हसणारी आई, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"म्हणजे माझे हात मंद नव्हते?" आईने विचारलं. तिने ते मला विचारलं होतं, बाबांना नाही.

"नव्हते गं आई."

"ती खुर्ची तुझी होती," बाबा म्हणाले. "पगार, बढती, सगळं तुझं होतं. शपथेवर सांगतो, मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं ते दिसतंच आहे तोंडावर." आईने सोललेले दाणे उगाच एका बाजूला केले. "खुर्चीचं काही नाही हो. एकाला मिळणार होती, तुम्हाला मिळाली. घर त्यावरच चाललं." ती थांबली. मग तिचा आवाज एकदम चढला. एवढा चढलेला मी तो कधी ऐकला नव्हता. "पण शाळेच्या बाई दारात आल्या होत्या! त्यांना तर कुणी खेळ लावला नव्हता. त्यांना मीच नाही म्हटलं. मुलांची नावं माझ्याकडून भराभर टाइप होणार नाहीत, लोकांत हसं होईल, म्हणून मीच नाही म्हटलं!"

माझ्या आईबद्दल मला एक गोष्ट पक्की माहीत होती, आणि ती खोटी निघाली होती.

आईने हात नॅपकिनला पुसले आणि ती उठली. "सरा," ती बाबांना म्हणाली. बाबा लगबगीने उठले. ती लॅपटॉपपुढे बसली. "लाव."

"कितीवर लावू?"

"माझ्या वेगावर."

अक्षरं पडू लागली. तिची बोटं जागा शोधत होती. एक अक्षर फुटलं, दुसरं फुटलं, तिसऱ्यासाठी तिला वाकून बटण बघावं लागलं आणि तेवढ्यात चारही घरं गेली. तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा गेली. आता हात खरंच मंद झाले होते. बोटांची पेरं सुजलेली होती आणि उजव्या तर्जनीच्या टोकाला सुयांनी घट्टा पाडला होता. माझ्याच्याने बघवेना.

"जरा हळू करू का?" बाबांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"हात लावू नका त्याला."

सातवी की आठवी खेप असेल. दोन घरं पडली आणि दोन थोडा वेळ टिकली. आईने ताठ बसून चष्मा वर सरकवला.

"दिवा लावा," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "मला बटणं दिसत नाहीत."

बाबांनी जाऊन दिवा लावला. परत येऊन ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. शेजारची खुर्ची मी त्यांच्याकडे सरकवली, पण ते बसले नाहीत.