सडकेचं चोपण

सूर्यभान पाटलांचं सडकेचं रान म्हणजे आमच्या गावातलं लोणी. नुसती काठी रोवली तरी पालवी फुटेल, असली काळी जमीन. आणि तिथंच, जिंतूरच्या सडकेला तोंड करून पाटी लावली होती: ‘चोपण जमिनीसाठी ज्वारीच्या वाणांची निवड, शेतकऱ्यांच्या हातून.’ ती पाटी वाचली तेव्हाच मला राग यायला पाहिजे होता. आला नाही, याचाच आता राग येतो.

चोपण आहे ते आमच्याकडे. ओढ्याच्या अंगाला तीन एकर. ही जमीन ओली झाली की पाय सोडत नाही, वाळली की कुदळ घेत नाही, वर पांढरा थर. ज्वारी उगवते, वीतभर होते आणि पिवळी पडते. दुसरं रान नाही, घरची भाकरी त्यावरच. माझ्या सासूबाई दगडाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, नवरात्रात पाटलाच्या रानात तिफणीवर बी सोडायला गेल्या होत्या. आठ वाणांचं उरलंसुरलं बी त्यांनी, ते वाण घेऊन आलेल्या परभणीच्या शेतकी साहेबांना विचारून, आठ चिंध्यांत बांधून आणलं. अक्षर येत नाही, पण कोणतं बी कितव्या नंबरचं, हे त्यांना बोटांवर पाठ. आमच्या चोपणात त्यांनी एकेक ओळ टोकून ठेवली.

संक्रांतीनंतर निवडीचा दिवस ठरला. मांडव, चहा, फोटो. बाप्यांना लाल फिती, बायांना पिवळ्या; जो वाण पसंत, त्याच्या ताटाला बांधायची. तीन नंबरची कणसं मुठीत मावत नव्हती. सगळ्यांच्या फिती तिथंच गेल्या. माझीही गेली, खोटं कशाला बोलू. सहा नंबर ठेंगणा, काटकुळा. त्याच्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही.

आत्याबाई मात्र फीत हातात घेऊन बांधावरच उभ्या राहिल्या. परभणीचे ते आदिनाथ साहेब बोलायला गोड. त्यांनी जवळ येऊन विचारलं, आजी, तुमची पसंती कुठली?

“सांगते की, सायेब. पर चोपण कुठाय, ते दावा अगोदर.”

सूर्यभान पाटील हसले. साहेबांनी समजावलं की पाहुण्यांच्या गाड्या ओढ्यापर्यंत जात नाहीत. शिवाय चोपणात पेरलं असतं तर पीकच आलं नसतं, मग लोकांना दाखवायचं काय? हे बोलताना त्यांना काहीच वाटलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजारी माणसाला सोडून धडधाकटाला औषध पाजायचं आणि गुण आला म्हणून पेढे वाटायचे, त्यातली ही गत.

आत्याबाईंनी पदराआडून तीन कणसं काढली. बारकी, पण दाण्यानं भरलेली. आमच्या रानात आठातल्या सात ओळी करपल्या, तीन नंबरची तर सगळ्यात आधी; ही सहावी तेवढी उभी आहे, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी दाणा चोळून पाहिला. मग म्हणाले, जास्त मतांचा वाण तेवढा राहतो, बाकीचे यादीतून जातात, त्यांचं बी पुन्हा येत नाही. येणार ते तीन नंबरचं, सगळ्या तालुक्याच्या चोपणाला.

म्हणजे आमच्यासारख्या साऱ्या घरांची ज्वारी करपणार, आणि त्यात माझीही फीत. मी गेले, तीन नंबरवरची फीत सोडली आणि सहाला बांधली. आत्याबाईंनी त्यांची शेजारी बांधली. बाकीच्या बाया बघत राहिल्या. त्यांना उद्या पाटलाच्याच रानात कामाला जायचं होतं.

“दोन मतांनी काय होणार, ताई?” साहेब मला म्हणाले.

“मतं ऱ्हाऊ द्या,” आत्याबाई म्हणाल्या. “जिमीन कोणची व्हती, तेवढं लिवा.”

साहेबांनी सह्यांचा कागद पुढे केला. त्यावर जमिनीचा रकाना होता, आणि त्यात आधीपासूनच छापलेलं होतं: चोपण. खाली गावाच्या सह्या आणि अंगठे. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, तो शब्द आडवा खोडला आणि वर लिहिलं: काळी, कसदार, सडकेची. पाटील कागद ओढायला पुढे झाले, पण तोवर आत्याबाईंनी शाईचा अंगठा बरोबर त्या ओळीवर दाबला होता.