चाड्यावरची मूठ

नवलकिशोर साहेबांनी कणीस मोडलं आणि काळी भुकटी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली.

"ही काणी," ते म्हणाले. "दाण्याच्या जागी नुसती राख. आता हे दुसरं बघा." दुसरं कणीस टपोऱ्या दाण्यांनी भरलेलं होतं. "वावर तेच, गावचं बीही तेच. फक्त याला पेरायच्या आधी गंधक चोळलं होतं."

हसनाबादची निम्मी माणसं बांधावर जमली होती. कणसं हातोहात फिरत बद्रीनाथ पाटलापर्यंत आली. वावर त्याचं. प्रयोगासाठी शेतकी खात्याला त्यानेच दिलेलं. तेव्हा शेवटचा शब्दही आपलाच, असं तो धरून चालला होता.

"गंधक-बिंधक काही न्हाई सायेब. चांगल्या पट्ट्यात आमच्या मंडळीची मूठ होती. अन् या काळ्या पट्ट्यात हिची." त्याने सोंगणीच्या बायांत उभ्या असलेल्या सोनूबाईकडे कणीस रोखलं. "पांढऱ्या कपाळाच्या बाईनं चाड्यावर मूठ धरली की दुसरं काय होणार?"

माणसांनी माना डोलावल्या. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण सगळ्यांना ते पटलं होतं.

सोनूबाईने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काही असो," ते म्हणाले, "फरक तर दिसला ना."

काही असो! शिकलेला माणूस, सरकारने पगार देऊन खरं-खोटं पारखायला पाठवलेला, आणि एका बाईच्या कपाळावर काळं फासलं जाताना त्याला एवढंच सुचलं.

खरं काय ते त्याला पुरतं ठाऊक होतं. तिफणीमागे चालत चाड्याच्या वाटीत मुठीने बी सोडत जायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. मूठ सैल पडली की दाट उगवतं, आवळली की वावर उघडं राहतं. सोनूबाईचा हात एकसारखा चालायचा. नवरा पटकीच्या साथीत गेल्यापासून ती या हातावरच जगत होती. पेरणीचं पहिलं तास सवाष्णीने धरायचं आणि बाकी सगळं वावर सोनूबाईने पेरायचं, असा सोयीचा धर्म गावाने इतकी वर्षं पाळला होता.

प्रयोगाच्या दिवशी दोन तिफणी होत्या. पाटीलच म्हणाला होता, "औषधाचं बी आमच्या मंडळीला द्या. ते दुसरं तसंही नासायचंच हाये, ते हिला द्या." साहेबांना ते सोयीचं वाटलं. दोन बायांच्या दोन ओट्या म्हणजे बियांची सरमिसळ नाही. पाटलीण दुर्गाबाईचे हात गंधकाने पिवळेधमक झाले. बाया म्हणाल्या, हळदीच्या नवरीवाणी दिसून राह्यली. सोनूबाईच्या हातांना नुसती माती होती.

नासायचं म्हणून दिलेलं बी नासलं, आणि ठपका मुठीवर आला.

साहेब पेंढ्या गाडीत भरून जालन्याला निघाले तेव्हा ती गाडीपुढे उभी राहिली.

"सायेब, पुढल्या साली पिवळं बी मला द्या अन् साधं पाटलीणबाईला. मंग पाहू कोणाची मूठ नासवती."

"बराबर आहे तुमचं, सोनूबाई. बिलकुल बराबर."

"मंग बांधावर काहून बोलले न्हाई?"

साहेब खाली उतरले. जालन्यात मस्तगडातल्या घरच्या धान्याच्या पेढीवर बसायचं सोडून हा शेतकी खात्यात शिरला होता. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच जास्त संताप येत होता. "पाटलाला दुखवलं तर तो वावर देणार नाही. पुढच्या साली इथे मोठा प्रयोग करायचाय. सगळ्या तालुक्याच्या ज्वारीचा प्रश्न आहे."

"तालुक्याला भाकरी भेटंल. मला कोण पेरायला बोलवंल?"

साहेबांनी गाडीतून उरलेल्या गंधकाचा डबा काढून तिच्यापुढे धरला.

"खरं बोलायचं होतं सायेब. ते डब्यात भरून देता का?"

पण डबा तिने घेतला. का सोडायचा? मूठ बदनाम झाली ती याच्याच पायी.

पुढल्या पेरण्या तोंडावर आल्या. पाटलाने या खेपेला प्रयोगाला वावर दिलंच नाही. साहेब गंधकाच्या पुड्या घेऊन चावडीवर बसले, आणि आख्ख्या दिवसात एक पुडी हलली नाही. "आमच्या घरात सवाष्णीची मूठ हाये, औषधाचा खर्चा कशाला?" जो तो हेच म्हणे. साहेब संध्याकाळी सोनूबाईच्या दारात आले.

"तुम्ही तरी सांगा ना लोकांना."

"मी? मी तर नासवणारी." तिने दार लोटून घेतलं.

त्या साली तिला कुणीच बोलावलं नाही. तिची लवणातल्या ओहोळाकाठी एक चिंचोळी पट्टी होती, तेवढीच तिने गंधक चोळून हाताने टोकायचं ठरवलं. डबा उघडला तोच मागच्या दाराने दुर्गाबाई आली.

"सोनूबाई, थोडी पूड दे. मागल्या साली माह्याच हातानं पेरलं ना मी. मूठ न्हाई, पूड होती ती. पण हे इकत घेऊ देत न्हाईत. म्हणतेत, तुह्या मुठीचा अपमान व्हतो."

"मंग चावडीपुढं येऊन माग."

दुर्गाबाईचे डोळे भरले. "मला त्या घरात राहायचंय गं."

सोनूबाईला वाटलं, डबा तिच्या अंगावर रिकामा करावा. पाटलिणीला पुडी पाहिजे होती, पण तोंड उघडायचं नव्हतं. साहेबाची दुसरी आवृत्ती! तरी तिने पुडी बांधली आणि दुर्गाबाईच्या पदरात जवळजवळ फेकलीच.

"घे. लेकरं थोडीच राख खाणार हायेत."

कार्तिकात गावभर काणी पडली. ज्याच्या त्याच्या वावरात सवाष्णीची मूठ होती, आणि ज्याच्या त्याच्या वावरात कणसं मोडली की काळा धुरळा उडत होता. आता कुणाचा हात नासका निघाला? कुणाचाच नाही. औंदा हवा खराब होती म्हणे! सोनूबाईची पट्टी स्वच्छ उभी होती. तिकडे कुणी फिरकलं नाही. आणि बद्रीनाथ पाटलाची ज्वारी मोत्यासारखी पिकली.

त्याच्या खळ्यावर माणसांची रीघ लागली. साहेबही आले. कामाला माणसं कमी पडली म्हणून उफणणीला सोनूबाईला बोलावलं होतं. पाखडायला हात चालतो, पेरायला चालत नाही. दुर्गाबाई नव्या ज्वारीच्या भाकऱ्यांची पाटी घेऊन आली तेव्हा पाटलाने राशीत हात घातला आणि मूठ वर केली.

"पाहा सायेब. ना गंधक, ना काही. याला म्हणतेत सवाष्णीची मूठ!"

साहेबांनी चष्म्याला हात लावला. सोनूबाईने सूप खाली ठेवलं.

"मूठ न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. डोक्यावर भाकरीची पाटी तशीच होती. खळ्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "पूड होती. मी चोरून चोळली, पिवळे हात हळदीचे म्हणून सांगितले. हिनं दिल्ती."

पाटलाची मूठ अजून वरच होती, बोटांतून दाणे गळत होते.

"भाकऱ्या वाढ," तो म्हणाला.

"वाढून राह्यले."

तिने पाटी उतरवली. पाटलाला ओलांडून गेली, साहेबांना ओलांडून गेली, पंगतीला बसलेल्या सगळ्या पुरुषांना ओलांडून गेली, आणि नव्या ज्वारीची पहिली भाकरी सोनूबाईच्या हातावर ठेवली.

भाकरी पांढरीशुभ्र होती, अजून ऊन. सोनूबाई आडोशाला गेली नाही. तिथेच राशीजवळ बसली आणि पाटलाकडे बघत बघत तिने पहिला घास मोडला.