वीतभर बाहेर

चेंडू बाहेर गेला होता. खांबापासून वीतभर बाहेर. मी दोन्ही हात आडवे पसरून तशी खूण केली, आणि माझ्याच मुलाने भर मैदानात मला आंधळा ठरवलं.

अबू धाबीतले आयरिश लोक गेलिक फुटबॉल खेळतात. त्या मैदानावर अकरा वर्षं मी पांढऱ्या रेषा मारतोय. उंच खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून चेंडू गेला की एक पॉइंट; खांबाशी उभ्या पंचाने पांढरं निशाण वर करायचं. मुलींच्या चॅम्पियनशिपची फायनल आमच्या क्लबने वीस वर्षांत पहिल्यांदा गाठली होती, आणि टीममध्ये माझी नात सुमैय्या. एक पंच आलाच नाही. रेफरी म्हणाला, "खैरुद्दीन, तू उभा राहा." मी म्हटलं, नात खेळतेय. समोरच्या टीमची कॅप्टन हसली. "चालेल. हा माणूस रेषासुद्धा वाकडी मारत नाही."

शेवटचं मिनिट, आम्ही एका पॉइंटने मागे. सुमैय्याने किक मारली.

तरुणपणी मी रत्नागिरीला होडीवर तांडेल होतो. खडकांतून होडी काढताना एक डोळा मिटून किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, ही आमची रीत. तसाच मी खांब आणि मैदानापलीकडचा मिनार धरून उभा होतो. चेंडू त्या रेषेच्या बाहेरून गेला.

"रेफरी!" माझा मुलगा फहद, सुमैय्याचा बाप, कडेवरून ओरडला. "त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय! नीट दिसत नाही त्यांना!" मग मला मराठीत, "अब्बा, हात खाली घ्या. यल्ला, चला लवकर, निशाण उचला!"

रेफरी धावत आला. "खात्री आहे?"

"ऑपरेशन उजव्याचं. तो मिटला होता. पाहिलं डाव्याने."

"बघा, एकाच डोळ्याने पाहिलं!" फहद.

रेफरीने सुमैय्याकडे पाहिलं. ती वाकून बुटाची नाडी बांधत होती. त्याने शिट्टी फुंकली. खलास. हरलो.

गाडीत फहद स्टिअरिंगवर हात आपटत होता. "ड्रॉ झाली असती! एक फडकं वर केलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?"

"बापाला आंधळा करून तुझं काय आलं?"

सुमैय्या मला, आजोबाला, दादा म्हणते. मागून ती हळूच म्हणाली, "दादा, आय न्यू. पायाला लागला तेव्हाच कळलं, वाइड जाणार."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"रेफरीने विचारलं नाही ना."

फहदचा एवढा राग आला नव्हता. त्याला दिसलं नव्हतं, तो हावरेपणाने ओरडला. हिला माहीत होतं, आणि ही नाडी बांधत बसली.

"गाडी थांबव."

"अब्बा, घर अजून दोन सिग्नल आहे."

"थांबव म्हटलं ना!"

मी उतरलो. तिने काच खाली केली. "दादा, सॉरी."

"मला नको तुझं सॉरी. टीमच्या ग्रुपवर लिही, चेंडू बाहेर होता. आत्ता."

"सुमैय्या, फोन ठेव," फहद म्हणाला.

तिचा अंगठा चालू झाला होता. तरी मी गाडीत बसलो नाही. घरापर्यंत चालत गेलो.