देवळीमागची फरशी

बंडप्पा गवंडी मुरुम गावात हट्टी म्हणून ओळखला जायचा, आणि तो होताच हट्टी. महालिंगप्पा अडत्यांनी आपल्या हमालांसाठी सहा घरांची ओळ बांधायला काढली, तेव्हा कुठलं दार कुठं हे बंडप्पानं मालकाला न विचारता ओढ्यावरच्या वाऱ्याचं पाहून ठरवलं. दोन घरांमध्ये एकच भिंत, म्हणजे दगड वाचला. वाचलेल्या दगडात सहाही घरांचं मिळून पुढं उंच भिंतीचं अंगण. माळवदी छतात उजेडासाठी वीतभर साणं, आणि प्रत्येक घराला मागं ओढ्याकडं उघडणारं दार. पोती वाहून आलेल्या माणसाला दुपारी घरात वारा लागावा, एवढीच त्याची जिद्द. त्याची लेक शिवकांता शेवटच्या घरात राहायला येणार होती, तिचा नवरा नागप्पा महालिंगप्पांकडंच हमाल होता. तेव्हा जिद्द जरा जास्तही असेल.

पण निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं. गावं जाळणाऱ्या टोळ्या फिरत होत्या, आज एका गावाचं नाव कानावर यायचं, उद्या त्याच्या शेजारच्या. भिंती कमरेपर्यंत आल्या आणि महालिंगप्पा येऊन उभे राहिले.

"मागची दारं बुजवा. अंगणाला एकच दरवाजा, सागवानी. आत बसलं की बिनघोर."

"एकच वाट असली तर ते घर न्हाय मालक, पेव हाय," बंडप्पा म्हणाला. "त्यात ज्वारी ठेवा. माणसं गुदमरतील."

"चोर मागूनच येतो, बंडप्पा."

हमालांनाही मालकाचंच पटलं. बायका त्या जाड, बिनदाराच्या भिंतीवरून हात फिरवून समाधानानं माना डोलवायच्या. बंडप्पा मात्र पुन्हा मापं घेत बसला.

दारं बुजवली, पण बुजवताना त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली. प्रत्येक दाराच्या जागी त्यानं देव ठेवायला भिंतीत कोनाड्यासारखी देवळी केली. गुडघ्याइतक्या उंचीवर, वाकून माणूस पार होईल एवढी मोठी. तिच्या पाठीला दगड नव्हताच, मातीत उभी केलेली एक फरशी होती. आतल्या अंगाला दगडाची कड ठेवली होती, त्यामुळं बाहेरून कितीही रेटलं तरी फरशी हलणार नाही आणि आतून एक लाथ बसली की बाहेर पडेल. वरून गिलावा केला. बघणाऱ्याला अख्खी भिंत.

"देवळी एवढी खाली का रं?" पहिल्या घरातल्या मल्लम्मा म्हातारीनं विचारलं.

"बसल्या जागी हात जोडता यावेत म्हणून, आजी."

म्हातारीनं तोंडभर आशीर्वाद दिला. बंडप्पा गालात हसला. रिकामी भिंत दिसली की बाया तिथं धान्याची कणगी रेटणार, देवापुढं मात्र कुणी काही ठेवत नाही. स्वतःच्या अकलेवर तो तेव्हा भलताच खूश होता.

फरशीचं गुपित त्यानं एकट्या शिवकांताला सांगितलं. "आता कुणाला बोलू नगं, फुटलं तर चोराच्याबी कानावर जाईल. येळ आली की तू समद्यांना सांग."

"अन् तिथं देव असतील, अप्पा?"

"देव बघून घेतील," म्हणून तो मोकळा झाला.

राहायला आलेल्यांनी वर्षाचा कडबा अंगणाच्या दरवाजाला आतून टेकून रचला, म्हणजे दरवाजा आणखी मजबूत. बंडप्पानं दोनदा सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर आणखी पेंढ्या टाकल्या.

वैशाखातल्या दुपारी पुरुष अडतीवर होते आणि बंडप्पा ओढ्यापलीकडं विहिरीचं बांधकाम करत होता. त्याला अंगणावर धूर दिसला. टोळीनं दरवाजा पेटवला होता, आत कडब्यानं पेट घेतला होता. मागं नुसती भिंत, म्हणून मागं कुणी फिरकलं नव्हतं. तो धावत तिथं पोचला, तर सहाही फरशा जागच्या जागी.

"लाथ घाला!" तो ओरडला.

"तिथं देव हाय," आतून मल्लम्माचा घुसमटलेला आवाज आला. "देवाला पाय कसा लावू?"

देवापुढं कणगी न ठेवणारी माणसं देवाला लाथ तरी कशी मारतील, हे बंडप्पाला एकदाही सुचलं नव्हतं.

तेवढ्यात घराघरांत सांगत पहिल्या घरापर्यंत आलेली शिवकांता बोलली. "सरका, आजी. पाप माझ्या पायाला."

फरशी ओढ्याकडं कोसळली. आधी जोडवी घातलेलं पाऊल दिसलं, मग मल्लम्मा रांगत बाहेर आली. मग दुसऱ्या घरातून तेच शब्द. "सरका, पाप माझ्या पायाला." प्रत्येक वेळी शिवकांता धुरातून अंगणात जात होती आणि पुढच्या घरात शिरत होती. तिसरी फरशी पडली, चौथी पडली. पाचव्या घरात तिला शब्द फुटेना, नुसता खोकला आला. पण पाऊल आलं.

"तिथूनच भायेर ये, पोरी!"

"आमच्या घरचे देव घेऊन आलेच, अप्पा."

बंडप्पानं पाचव्या देवळीतून आत शिरून पाहिलं, पण जाळानं त्याला मागं ढकललं, तेव्हा तो सहाव्या फरशीपुढं जाऊन उभा राहिला. थापीनं गिलावा खरवडला, खांदा लावून रेटलं, डोकं आपटलं. ती हलली नाही. त्यानंच तशी बसवली होती.

माणसं पहार घेऊन आली तेव्हा फरशी फुटली. शिवकांता देवळीपुढं पडली होती. पाच घरचे देव लाथाडणाऱ्या तिनं आपले देव मात्र एकेक उचलून पदरात बांधले होते, आणि गाठ घट्ट मारली होती.