खांबाला दोन वेढे

आमच्या लाँड्रीचं मोठं मशीन वरच्या मजल्यावर होतं. ते फिरायला लागलं की खाली गिऱ्हाइकांच्या डोक्यावर चुना पडायचा, म्हणून एकदाचं खाली आणायचं ठरलं. मशीन कसलं, रेडाच तो. जिन्यावर लांब फळ्या टाकल्या. माझा थोरला मुलगा आणि त्याचे वडील वरून दोर धरतील, धाकटा खाली राहून मशीनला दिशा देईल, असं मी सांगितलं. आमच्याकडे सांगते मीच.

थोरल्याची बायको मध्येच बोलली, "आई, दोर खांबाला वेढा देऊन सोडूया का?"

वर जिन्याच्या तोंडाशी छताचा लोखंडी खांब आहे. मी म्हटलं, "खांबाला कशाला कामाला लावतेस? दोन पुरुष उभे आहेत की, खाऊनपिऊन धडधाकट!"

तिचे वडील धक्क्यावर आलेल्या होड्या दोराने खुंटांना बांधायचे. दोरवाल्याची लेक म्हणायचे मी तिला, आणि लाडाने नव्हे.

थोरल्याला वेगळीच अक्कल सुचली. "फळ्यांना साबण चोळतो, सरसर उतरेल." साबणाला आमच्याकडे काय तोटा!

सरसर उतरलंच. मशीन फळीवर आलं आणि सुटलं. दोर हातातून असा पळाला की ह्यांनी "मेलो!" म्हणून हात सोडले, थोरला फरफटत निघाला. खाली धाकट्याच्या पाठीला भिंत.

"बाजूला हो रे!" मी किंचाळले. पण बाजूला व्हायला जागा हवी ना.

दोराचं मोकळं टोक सुनेच्या पायाशी होतं. तिने ते उचललं, खांबाभोवती फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं आणि मागे झुकून धरलं. दोर करकरला, खांबाचा रंग सोलून निघाला, आणि मशीन थांबलं. ते आणि धाकट्याचा गुडघा यांच्यामध्ये माझा पंजा मावला असता, बस.

"वहिनी," खालून आवाज आला, "सोडू नका हं!"

"नाही सोडत भाऊजी. तुम्ही आधी श्वास घ्या."

माझं तोंड तेवढ्यातही चालू होतं. "एवढीशी तू, कशी धरलीस गं?"

"मी कुठे धरलंय? दोर खांबाला घासतोय ना, ते घासणंच ओझं धरतं. जितके वेढे जास्त, तितकं हाताला हलकं. धरून बघता?"

मी धरून बघितलं. एका हातात रेडा, आणि हाताला गाईच्या वासराएवढीही ओढ नाही! फळीवरचं घासणं आम्ही साबणाने घालवलं होतं, ते ह्या पोरीने खांबावर परत मिळवलं. धाकटा मशीनवरून चढून वर निघून आला, मग इंच इंच दोर सोडत आम्ही दोघींनीच मशीन खाली टेकवलं. पुरुष हातांना मलम लावत बसले होते.

त्या खांबाला आता आमच्या पुरुषांपेक्षा जास्त मान आहे. सोललेला रंग मी पुन्हा लावू दिला नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, की कपडे बाजूला ठेवून सगळं पहिल्यापासून सांगते, "माझ्या सुनेने" अशी सुरुवात करून. सून लाजते. लाजू दे. दोरवाल्याची लेक अजूनही म्हणते मी तिला, पण ती आता मान वर करून हसते.

धाकटा दोन-दोन पायऱ्या गाळत धाडधाड जिना चढतो. पूर्वी ओरडायचे, हळू चढ मेल्या. आता तो आवाज आला की इस्त्री उभी करून ठेवते आणि तो वर पोचेपर्यंत ऐकत राहते.