पाठमोरी खुर्ची

"पुन्हा पाठ करून बसलीय बघ. माणसानं सांगावं तरी किती!"

पातळ आडोशापलीकडून वर्नाची कुजबुज आली. लॅरिसानं मुकाट्यानं खुर्ची खोलीकडे वळवली. खिडकीबाहेर कॅनडातल्या रेजायना शहराचा नोव्हेंबर होता, पांढरा आणि गप्प. त्याच्याकडे तोंड करून काम करायला तिला बरं वाटे. पण इथे तसं बसायचं नाही. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. टेबलाच्या पायांचे जुने चार खळगे मात्र अजून गालिच्यावर होते. कधीकाळी टेबल खिडकीकडेच होतं.

गारपिटीच्या विम्याची ती कचेरी. खालच्या मजल्यावर माणसं तीनच: साठीची वर्ना, पन्नाशीचा लॉर्न आणि विद्यापीठातून थेट आलेली ही. शुक्रवारी तिचे उमेदवारीचे तीन महिने भरत होते. नोकरी पक्की, नाहीतर यॉर्कटनला आईच्या तळघरात परत.

त्यामुळे त्यांचं ते सारखं बघणं तिला टोचायचं. विद्यापीठात चार वर्षं ती मागच्या बाकावर बसली. आहे की नाही, कुणी मान वर करून पाहिलं नाही. इथे लॉर्न वाट वाकडी करून तिच्या टेबलाशी यायचा.

"काय गं, जिवंत आहेस ना?"

"लॉर्न!" वर्ना अशी खेकसायची की तो कानापर्यंत लाल व्हायचा.

पाच वाजता तर विधीच. कोट, टोपी, हातमोजे चढवून दोघं टेबलासमोर यायचे, तिच्या डोळ्यांत बघून निरोप घ्यायचे आणि ती बोलेपर्यंत हलायचे नाहीत. एकदा तिच्या तोंडात मफिन होता. घास गिळून होईस्तोवर लॉर्न घामाघूम होऊन उभा.

खणात तिला पेपरमिंटची डबी सापडली होती, झाकणावर नाव: म्युरिएल.

"ही कोण?"

"होती आधी," वर्ना म्हणाली, आणि तिनं बोलणं बाहेरच्या बर्फाकडे वळवलं.

बुधवारी लॅरिसानं धीर केला. "माझं काम पटत नाही का तुम्हाला?"

"तुझं काम? तुझ्या फायली माझ्याहून नीट आहेत, पोरी."

"मग सारखं बघता का?"

वर्नानं केटलीकडे पाहिलं. "चहा घेतेस?"

म्हणजे नोकरीवरून काढणारच. वाईट बातमी सांगायच्या आधी चांगली माणसं चहाच विचारतात.

शुक्रवारी पाचला ती मागच्या फायलींच्या खोलीत होती, गुडघ्यावर, सगळ्यात खालच्या कप्प्याशी. बाहेर लॉर्नचे बूट वाजले. घाईत होता, मुलीचा हॉकीचा सामना होता.

"निघतो गं. सोमवारी भेटू."

ती इथूनच ओरडणार, तेवढ्यात तिच्या टेबलापाशी कुणीतरी हळू, थकल्या आवाजात म्हणालं, "सोमवारी भेटू."

लॅरिसा उठून दारात आली. तिची उंच पाठीची खुर्ची खिडकीकडे वळलेली. रिकामी. दरवाजाशी लॉर्न, एक हातमोजा अर्धाच चढलेला. त्याची नजर खुर्चीच्या पाठीवरून तिच्यावर आली.

"तू... तिथे होतीस?"

"हो. मग उत्तर कुणी दिलं?"

आडोशामागून वर्ना आली. खुर्ची धरून तिनं खोलीकडे वळवली. पहिल्या झटक्यात वळेना, जड असल्यासारखी. मग पर्समधून एक पाकीट काढलं. "साहेबांची सही झालीय. पक्की आहेस तू. पण हे हातात घ्यायच्या आधी ऐक. म्युरिएल याच खुर्चीत वारली. बाहेर बघता बघता. आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी दुपारीच, जेवणाच्या सुमाराला."

"आणि संध्याकाळी तुम्ही..."

"पाठीमागूनच निरोप घेतला," लॉर्न म्हणाला. "अकरा वर्षांची सवय. समोर जाऊन कोण बघतंय?"

वर्नानं पाकीट पुढे धरलं. लॅरिसानं ते घेतलं नाही, आणि नाहीही म्हणाली नाही.

"उरलेलंही सांग, वर्ना," लॉर्न पुटपुटला. "आपण एकमेकांनाही कधी सांगितलेलं नाही."

वर्नानं डोळे मिटले.

"तिनं उत्तर दिलं होतं, पोरी. आम्हा दोघांनाही."