मागच्या कप्प्यातलं औषध

आदिलाबादकडच्या नेरडीगोंड्यात फ्रीज बिघडला की लोक आधी उद्धवरावांना बोलवत. तहसिलीत तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. दप्तरातली मिसल आणि घरातलं यंत्र, दोन्ही आपल्यालाच कळतात असा त्यांचा समज होता. दार नीट लागत नाही, खाली पाणी साचतं, मागून घरघर येते, काहीही असो, उद्धवराव हात मागे बांधून जायचे आणि निदान करून यायचे. कधीकधी ते बरोबरही निघायचं.

शेजारच्या देवकाबाईंकडे फ्रीज नव्हता. त्यांचं इन्सुलिन उद्धवरावांच्याच फ्रीजमध्ये, दारातल्या फळीवर असे. श्रावणात उद्धवरावांनी ती बाटली उचलून आत, पार मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. "औषध हाय, गारेगार राह्यलं पाह्यजे," म्हणाले. पहाटे फ्रीजमधून दूध काढताना ते बाटलीही बाहेर ठेवत, म्हणजे बाई येईपर्यंत तिचा गारठा मोडे. कधी ती हाताला दगडासारखी गार लागे. आपला फ्रीज अजून जोरात आहे, असं वाटून त्यांना बरंच वाटायचं.

भाद्रपदापासून देवकाबाईंची साखर चढू लागली. पायाची जखम भरेना. दसरा आला आणि त्याच दिवशी तेलंगणात नवे जिल्हे झाले. संध्याकाळी मारुतीच्या पारावर सोनं वाटता वाटता उद्धवराव सगळ्यांना समजावत होते, भैंसा निर्मलकडे गेलं, बेज्जूर आसिफाबादकडे, आपण आदिलाबादेतच. तेवढ्यात देवकाबाई लंगडत आल्या. बोलण्याच्या भरात उद्धवरावांनी त्यांनाही सोडलं नाही.

"सुई घेता आन् चोरून गूळ खाता. औषधानं काय करावं मंग?"

"नाई हो भाऊ. नातवाची आण, जिभेले लावला नाई."

"मंग साखर काय हवेनं चढून राह्यली?"

पारावरचे सगळे हसले. देवकाबाई कुणालाही सोनं न देता परत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भाकरीही अर्धी केली.

दिवाळीच्या तोंडावर फ्रीजमधली मेथी कडकडा मोडायला लागली. गॅस जास्त झाला, असं उद्धवरावांचं निदान. त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनी, ते कानाआड करून महिपत मेकॅनिकला बोलावलं. महिपतनं दाराच्या रबरात कागद धरून ओढून पाहिला, मागची जाळी पुसली, मग आतल्या गोल बटणावर बोट ठेवलं.

"काका, हे सातवर काऊन?"

"पह्यलेपासून सातवरच हाय. करंट दिवसदिवस राहत नाई. येईन तेवढ्या वेळात गार झालं पाह्यजे ना."

"आता करंट जाते कुठं, काका? मशीन थांबूनच नाई राह्यली, म्हणून मागं बरफ होते. तीनवर ठेवा." त्यानं मागे हात घालून बाटली काढली, हलवली. आतलं औषध हललं नाही. "हे इन्सुलिन कोणाचं? माह्या मायलेबी हेच हाय. एकदा गोठलं का बाद."

उद्धवरावांनी मनातल्या मनात मोजलं. श्रावणापासून तीन बाटल्या झाल्या होत्या आणि तिन्ही त्यांनीच, स्वतःच्या हातानं, मागे सरकवल्या होत्या.

"आधी त्या बाईले सांगा," विमलबाई म्हणाल्या.

"सांगतो. पह्यले साखर तर उतरू दे."

ते आदिलाबादला जाऊन नवी बाटली घेऊन आले आणि गुपचूप दारातल्या फळीवर ठेवली. तीन आठवड्यांत साखर उतरली. उद्धवरावांनी झापलं म्हणून बाई ताळ्यावर आली, असं पारावर बोललं जाऊ लागलं. उद्धवराव तिथेच बसून हे ऐकत. त्यांना स्वतःची लाज वाटे, पण तोंड उघडत नसे.

मग एका सकाळी सुई घ्यायला आलेल्या देवकाबाई दारातच थांबल्या. "भाऊ, तुमी बोलले ते बरं केलं. मीच खात असन काईतरी, ध्यानात राहत नसन. पण नातवाची आण घेतली ना मी. रोज उठून त्याच्या कपाळाले हात लावून पाह्यतो, ताप तं नाई आला."

आता मात्र उद्धवरावांना राहवेना. त्यांनी सगळं सांगितलं, बटणापासून नव्या बाटलीपर्यंत. शिव्या खायची त्यांची तयारी होती. देवकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"हे पारावर सांगान?" एवढंच त्यांनी विचारलं.

संध्याकाळी उद्धवराव पारावर गेले. बसले नाहीत. "देवकाबाईनं काई खाल्लं नोतं," ते म्हणाले. "तिचं औषध मी बाद केलं. आन् माहीत झाल्यावर महिनाभर गप बसलो."

उद्धवराव आणि फ्रीजमध्ये चुकले? ते थट्टा करताहेत, असंच लोकांना वाटलं. सगळे खो खो हसले. हसणं थांबेपर्यंत ते मान खाली घालून उभे राहिले, आणि मग त्यांना ते पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं.